उजेड पोचतो तिथवरचे राज्य

मुलांच्या चित्रपटाची चिकित्सा या पानांवर कशासाठी, असे काही वाचक विचारतील. आपल्यापुढे कविता आहेत, आत्मकथने आहेत, रोजच्या अत्याचारांच्या बातम्या आहेत. मग अमेरिकेतल्या एका कंपनीने काढलेली सिंहाच्या छाव्याची गोष्ट कशाला उकरून काढायची? माझे उत्तर साधे आहे. कविता आपली मुले विसाव्या वर्षी वाचतात. कार्टून ती चौथ्या वर्षी पाहतात. कोण मोठा, कोण लहान, कोणाला भ्यायचे आणि कोणाला हसायचे, हे त्यांच्या मनात तेव्हाच मुरते. पुढे आम्ही शिक्षक समतेवर तास घेतो तेव्हा पाटी कोरी नसते. तिच्यावर कोणीतरी आधीच लिहून गेलेले असते, आणि तेही रंगीत खडूने.

'द लायन किंग' हा डिस्नेचा संगीतपट जून 1994 मध्ये प्रदर्शित झाला. रॉजर अ‍ॅलर्स आणि रॉब मिन्कॉफ त्याचे दिग्दर्शक. गीते टिम राइस यांची, चाली एल्टन जॉन यांच्या, पार्श्वसंगीत हान्स झिमर यांचे. त्या वर्षी जगभरात सर्वांत जास्त कमाई केलेला चित्रपट हाच. 1997 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याचे संगीत नाटक आले. 2019 साली जॉन फॅवरो यांनी तीच गोष्ट संगणकाच्या साहाय्याने, खरीखुरी जनावरे वाटावीत अशी, पुन्हा काढली. 2024 साली 'मुफासा' या नावाने तिची पूर्वकथा आली. म्हणजे तीस वर्षे ही गोष्ट एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे चालत आली आहे. इतके आयुष्य लाभलेली गोष्ट हलकी मानून चालत नाही.

चित्रपट सुरू होतो सूर्योदयाने आणि झुलू भाषेतल्या एका हाकेने. माळावरची सारी जनावरे एका कड्याकडे चालली आहेत. कड्यावर सिंहीण नुकताच जन्मलेला छावा घेऊन बसली आहे. रफिकी नावाचे म्हातारे वानर काठी टेकत येते, छाव्याच्या कपाळाला फळाचा रस लावते आणि त्याला दोन्ही हातांनी उचलून खालच्या जमावाला दाखवते. ढग फाकतात, ऊन नेमके छाव्यावर पडते. खाली हत्ती, झेब्रे, हरणे माना लववतात, गुडघे टेकतात. छाव्याने अजून काही केलेले नाही. तो जन्मला, एवढेच. आपल्याकडे बारसे आणि राज्याभिषेक यांच्यात निदान काही वर्षांचे अंतर असते. इथे दोन्ही एकाच मुहूर्तावर उरकले आहेत. पुरोहित आहे, टिळा आहे, आकाशाची साक्ष आहे, आणि ज्याच्या पोटात उद्या जायचे त्याच्यापुढे आज गुडघे टेकणारी प्रजा आहे.

हे दृश्य देखणे आहे, हे मी नाकारत नाही. त्या संगीताने अंगावर काटा येतो. तसा तो यावा अशीच त्याची रचना आहे. म्हणूनच त्याची चिकित्सा जास्त कसोशीने करावी लागते. कुरूप असत्य मुलेसुद्धा ओळखतात.

पुढची गोष्ट थोडक्यात अशी. छाव्याचे नाव सिम्बा, बाप मुफासा राजा. चुलता स्कार गादीवर डोळा ठेवून आहे. तो तरसांच्या मदतीने वाइल्डबीस्टांचा कळप घळीत उधळवून देतो, सिम्बाला वाचवायला आलेल्या मुफासाला कड्यावरून खाली लोटतो, आणि बाप तुझ्यामुळे मेला असे पोराच्या मनावर बिंबवून त्याला परागंदा करतो. दूरच्या रानात टिमॉन नावाचे मीरकॅट आणि पुम्बा नावाचे रानडुक्कर सिम्बाला वाढवतात. तो मोठा होतो. लहानपणची मैत्रीण नाला त्याला शोधून काढते, बापाचा आत्मा ढगांत दिसतो, सिम्बा परततो, स्कार मरतो, पाऊस पडतो. शेवटी त्याच कड्यावर सिम्बाचे पिल्लू उचलून दाखवले जाते. शेक्सपिअरच्या हॅम्लेटची सावली या कथेवर आहे, आणि डिस्नेच्याच 1942 सालच्या 'बॅम्बी'चीही. तिथेही हरणाचे पाडस मोठे होऊन शेवटी रानाचा राजपुत्रच होते.

आता त्या राज्याची हद्द पाहू. मुफासा पहाटे पोराला कड्यावर नेतो आणि शिकवतो की जिथवर उजेड पडतो तिथवर आपले राज्य आहे. पोरगा विचारतो, पलीकडे ती सावली आहे ते काय? बाप म्हणतो, ते आपल्या हद्दीबाहेर. तिकडे कधी जायचे नाही. त्या सावलीत हत्तींची हाडे पडलेली आहेत, धूर आहे, आणि तिथे तरस राहतात. तरस हद्दीत आले अशी वर्दी झाझू नावाचा पक्षी देतो, की राजा शिकवणे अर्धवट टाकून त्यांना हाकलायला धावतो. राजाचे हे एक मुख्य काम दिसते.

मागच्या वर्षी आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हा चित्रपट दाखवला. चर्चेत मुले मैत्री, जबाबदारी, बापाचे प्रेम असे बोलत होती. वसतिगृहात राहणारी एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, पण तरसांना तिकडं हाकललं कुणी? आन् कशापायी?" वर्ग हसला. मी हसू शकलो नाही, कारण त्या प्रश्नाला चित्रपटात उत्तर नाही. 1994 च्या त्या सबंध कथेत तरसांचा गुन्हा सांगितलेला नाही. ते सावलीत राहतात कारण ते तरस आहेत, आणि ते तरस आहेत म्हणून सावलीत राहतात. गावकुसाबाहेर वाढलेल्या माणसाला हे तर्कशास्त्र परिचयाचे आहे. त्याला इतिहास नसतो. तो विचारलाच तर लोक हसतात.

या राज्याचे तत्त्वज्ञान म्हणजे जीवनाचे चक्र. मुफासा सांगतो की आम्ही हरणे खातो हे खरे, पण आम्ही मेलो की आमच्या देहाचे गवत होते आणि ते गवत हरणे खातात. असे सारे एका चक्रात बांधलेले आहे. ऐकायला गोड आहे. पण हिशेब मांडून पाहा. हरणाने रोज द्यायचे, जिवंतपणी द्यायचे. सिंहाने एकदाच द्यायचे, तेही मेल्यावर. ही वही सावकाराच्या घरची आहे. शिवाय ज्या चक्रात सारे सामावते म्हणतात, त्यात तरस नाहीत. जो मेलेले खाऊन माळ साफ ठेवतो, त्याच्यावाचून कोणतेही चक्र एक फेरा पुरा करणार नाही. आणि नेमका तोच चक्राबाहेर. गावातली मेलेली ढोरे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ओढली, त्यांना ढोर ओढण्यापुरते गावात बोलावले जाई आणि त्याच कामासाठी विटाळ मानले जाई. श्रेणीबद्ध विषमता हा शब्द बाबासाहेबांनी आपल्याला दिला. डिस्नेकारांना तो माहीत असण्याचे कारण नाही. त्यांनी चित्र मात्र त्याचेच काढले आहे.

इथे एक खबरदारी घेतली पाहिजे. तरस म्हणजे आपण, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे हाच सापळा आहे. प्राणिकथेची खुबी अशी की ती समाजातल्या पायऱ्यांना प्राण्यांच्या जाती बनवते. सिंह आणि तरस या निसर्गात खरोखर दोन जाती आहेत; त्यांच्यात रोटी नाही, बेटी नाही, आणि याला कोणी जबाबदार नाही. राजा आणि उपाशी माणूस या निसर्गाच्या दोन जाती नाहीत. ते माणसांनी केलेले आहे. पण राजाला सिंहाचे कातडे पांघरले आणि उपाशी माणसाला तरसाचे, की केलेले ते असलेले वाटू लागते. पंचतंत्रातही सिंह राजा आहे, आणि करटक-दमनक हे कोल्हे मंत्र्याचेच पुत्र आहेत. ही युक्ती जुनी आहे, आणि ती एकट्या अमेरिकेची नाही.

तरसांच्या आवाजांवरून अमेरिकेत तेव्हाच टीका झाली. तिथल्या शहरांतल्या काळ्या आणि लॅटिन वस्त्यांत ऐकू येणारी बोली तरसांच्या तोंडी घातली आहे, असे टीकाकार म्हणाले. व्हूपी गोल्डबर्ग आणि चीच मारिन यांनी ते आवाज दिले होते. पण मुफासाचा भारदस्त आवाजही जेम्स अर्ल जोन्स या कृष्णवर्णीय नटाचाच आहे. तेव्हा प्रश्न केवळ कातडीच्या रंगाने सुटत नाही. कोणाला कोणत्या पायरीवर बसवून कोणती बोली दिली, हे पाहावे लागते. आपल्या नाटकांत नायक प्रमाण भाषेत बोलत असे आणि गडी गावंढळ भाषेत. प्रेक्षक गड्याच्या तोंडच्या दुःखालाही हसत. त्यातलाच हा प्रकार.

यापुढची गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. तरस उपाशी आहेत. स्कार त्यांना सांगतो की मला गादी मिळवून द्या, तुम्ही पुन्हा उपाशी राहणार नाही. त्या गाण्यात तरस रांगा धरून, पाय ताठ उचलीत, उंचावर बसलेल्या स्कारपुढून संचलन करतात. ते दृश्य नाझींच्या न्युरेंबर्ग मेळाव्यावर लेनी रिफेनस्टालने काढलेल्या 1935 सालच्या प्रचारपटावरून बेतलेले आहे. सबंध चित्रपटात उपाशी लोक संघटित झालेले दिसतात ते एकदाच, आणि ते फासिस्टांच्या वेशात. सिंह आणि तरस यांनी एकत्र राहावे ही कल्पना सबंध चित्रपटात एकाच्याच तोंडून येते, आणि तो खलनायक. मुफासाच्या मरणाच्या रात्री तो ती उच्चारतो आणि अंधारातून तरसांचे डोळे चकाकतात. चार वर्षांचे पोर यातून काय शिकेल? उपाशी माणसे एकत्र आली की भ्यावे, आणि एकत्र राहण्याची भाषा बोलणारा लबाड समजावा.

स्कारचा एक धडा मात्र कार्यकर्त्यांनी घेण्यासारखा आहे. तो स्वतः राजघराण्यातला आहे. त्याचे भांडण भावाशी, गादीसाठी. तरसांची भूक त्याने त्या भांडणात वापरली. गादी मिळाल्यावर तरस पुन्हा उपाशीच राहिले, आणि अडचणीत सापडताच त्याने सारा दोष त्यांच्यावर ढकलला. ते ऐकून तरस त्याच्यावर तुटून पडले. वाड्यावरच्या भाऊबंदकीत आपल्या वस्तीची माणसे कशी वापरली जातात, हे इतके नेमके दाखवणारा प्रसंग मुलांच्या दुसऱ्या चित्रपटात मी पाहिलेला नाही. पण स्कार मेल्यावर तरसांचे काय झाले? चित्रपट तिथे कॅमेरा फिरवतो. त्यांची भूक तशीच राहिली असणार. प्रश्न सोडवला गेला तो गादीचा.

स्कारच्या राज्यात दुष्काळ पडतो. झाडे वाळतात, पाणी आटते, कळप निघून जातात. तरस हद्दीत आले आणि माळ ओसाड झाला, असा संबंध नजरेला जोडून दाखवला आहे. खरा वारस कड्यावर चढला की पाऊस कोसळतो. म्हणजे वंश कोणता योग्य हे आभाळालाही कळते! उत्तरकांडात ब्राह्मणाचे पोर अकाली मरते, कारण राज्यात कुठे तरी एक शूद्र तप करीत असतो. राम शंबूकाचे मस्तक उडवतो आणि पोर उठून बसते. कोणी आपली जागा सोडली की निसर्ग बिघडतो, आणि त्याला जागेवर बसवले, नाही तर संपवले, की निसर्ग ताळ्यावर येतो, हा सिद्धान्त दोन्हीकडे एकच आहे. दुष्काळ ज्यांनी खडी फोडून काढले त्यांना माहीत आहे की त्याचा संबंध धरणाशी असतो, कालव्याशी असतो, रेशनशी असतो. राजाच्या रक्ताशी नसतो.

आता त्या दूरच्या रानाकडे वळू. पुम्बाच्या अंगाला घाण वास येतो म्हणून सारे त्याला टाळत. तो त्याच्या गाण्यात सांगतो की त्याला लाज वाटे, नाव बदलावे असेही मनात येई. प्रेक्षागृह इथे खळखळून हसते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरी आडनाव बदलले आहे. शहरात खोली मिळत नव्हती म्हणून बदलले. वास, अंतर, लाज आणि बदललेले नाव, या चार शब्दांत विनोद शोधायला एका विशिष्ट बाजूला जन्मावे लागते.

पण याच रानात ह्या चित्रपटातले सर्वांत मानवी जीवन आहे. टाकलेले दोघे एका परागंदा पोराला सांभाळतात. त्याची जात विचारीत नाहीत. तो सिंह आहे हे दिसते तेव्हा टिमॉन आधी घाबरतो, मग आपल्या बाजूला एक सिंह असणे बरे, असा स्वार्थही पाहतो. पण पुढे तिघे एकच खातात, एकाच जागी झोपतात. सिंह किडे खाऊन वाढतो. कोणी कोणाला वाकत नाही. म्हणजे सिंहाला हरणे खाल्ल्यावाचून जगता येते, हे चित्रपट स्वतःच दाखवतो, आणि मग स्वतःच विसरतो! या समतेला तो बेफिकिरी ठरवतो, पोरवय ठरवतो. मोठे होणे म्हणजे इथून उठून गादीवर जाऊन बसणे. शेवटच्या लढाईत एक तरस पुम्बाला डुक्कर म्हणतो, तेव्हा पुम्बा खवळून उठतो; मला मानाने हाक मारायची, असे बजावतो आणि तुटून पडतो. सबंध चित्रपटातला माझा आवडता क्षण हाच. दुःख एवढेच, की टाकलेल्याचा हा स्वाभिमान शेवटी दुसऱ्याची गादी परत मिळवण्याच्या कामी आला.

सिम्बाला परत फिरवणारा प्रसंग म्हणजे बापाच्या आत्म्याचे दर्शन. तू कोण आहेस हे तू विसरलास, तू माझा मुलगा आहेस, एकमेव खरा राजा आहेस, असे मुफासा त्याला सांगतो. हा चित्रपटाचा गाभा आहे. मोठे होणे म्हणजे आपण कोणाच्या पोटी जन्मलो ते आठवणे. आता हेच वाक्य थोडे खाली आणून ऐका. माझा बा सालगडी होता. मी बारावी होऊन तालुक्याला शिकायला निघालो तेव्हा ज्यांच्याकडे तो राबे ते गृहस्थ त्याला म्हणाले, "पोरगं शिकतंय ते बरं हाय, पण आपली पायरी इसरू देऊ नको त्याला." शब्द पाहा, अर्थ पाहा. तू कोण आहेस ते विसरू नकोस. राजाच्या पोराला सांगितले की ते आवाहन होते. सालगड्याच्या पोराला सांगितले की ती धमकी होते.

आणि बा मला काय म्हणाला? रात्री भाकरी खाताना एवढेच म्हणाला, "माझ्यासारखा होऊ नको." आपल्या वस्त्यांतल्या हजारो बापांनी आपल्या लेकरांना हे सांगितले आहे. मुफासा म्हणतो, माझ्यासारखा हो. आमचे बाप म्हणतात, आमच्यासारखा होऊ नका. बापाचे प्रेम दोन्हीकडे आहे, आणि मुफासाच्या मृत पंजाखाली शिरून निजणारे पिल्लू पाहताना माझेही डोळे भरून आले. परंतु वाढ या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे उलटा आहे. एकाची वाढ म्हणजे परतणे. दुसऱ्याची वाढ म्हणजे निघणे, आणि मागे गादी नाही हे ठाऊक असूनही न थांबणे.

यावर कोणी म्हणेल, आपली चळवळही आपण कोण आहोत ते विसरू नका असेच सांगते. होय, सांगते. पण ती आपल्याला इतिहास आठवायला सांगते. कोणी कोणाला कुसाबाहेर ठेवले, का ठेवले, हे आठवायला सांगते. जो इतिहास आठवतो तो पायरी मोडतो. मुफासा आठवायला सांगतो ती पायरी. त्या मुलीने विचारलेला प्रश्न त्याच्या राज्यात कोणी विचारू शकत नाही.

ज्या निसर्गाच्या नावाने हे सारे उभे केले, तो निसर्ग तरी काय म्हणतो? 1972 साली आफ्रिकेतल्या जनावरांवर दोन थोर अभ्यास प्रसिद्ध झाले. जॉर्ज शॅलर यांनी सेरेंगेटीतल्या सिंहांचा अभ्यास केला, हान्स क्रुक यांनी ठिपकेदार तरसांचा. सिंहांत बापाची गादी पोराला मिळत नाही. नर छावे दोन-तीन वर्षांचे झाले की कळपातून बाहेर पडतात आणि पुढे जमल्यास दुसऱ्याच कळपाचा ताबा घेतात. ताबा घेणारे नर पुष्कळदा आधीची पिल्ले मारून टाकतात. बरीचशी शिकार सिंहिणी करतात. तरस स्वतः पट्टीचे शिकारी आहेत. क्रुक यांना गोरोंगोरोच्या विवरात असे आढळले की तिथले तरस बहुतेक अन्न स्वतः मारून खातात आणि उलट सिंहच त्यांची शिकार हिसकावून घेतात. म्हणजे उष्टे खाणारा कोण, हे चित्रपटाने बरोबर उलटे दाखवले. अर्थात निसर्गात समता नांदते असा माझा दावा नाही. तरसांत मादीचे राज्य असते, आणि तिथेही आईचा दर्जा लेकीला मिळतो. मुद्दा इतकाच की माणसांनी न्याय कसा करावा हे जनावरांना विचारायचे नसते. आणि विचारायचेच असेल तर त्यांच्या तोंडी आपले उत्तर घालायचे नसते.

या चित्रपटात एक खरी आफ्रिकाही आहे, पण ती पडद्यामागे आहे. सुरुवातीची ती हाक देणारे लेबो एम हे दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीमुळे देशाबाहेर राहिलेले कलावंत. एप्रिल 1994 मध्ये त्या देशात सर्व वर्णांच्या लोकांनी पहिल्यांदा एकत्र मतदान केले, आणि जन्मावर उभे असलेले राज्य मतपेटीने खाली आणले. दोनच महिन्यांनी त्याच देशातली भाषा मुखी घेऊन हा चित्रपट आला, आणि जन्माने मिळणाऱ्या राज्याचा जयघोष जगभर दुमदुमला.

दुसरे नाव सॉलोमन लिंडा यांचे. टिमॉन आणि पुम्बा रानातून चालताना झोपलेल्या सिंहाचे एक गाणे म्हणतात. त्याचे मूळ लिंडा या झुलू गायकाचे. जोहान्सबर्गमधल्या गॅलो या रेकॉर्ड कंपनीत ते मजुरी करीत. 1939 साली त्यांनी आपल्या साथीदारांसह ते तिथे गायले आणि 10 शिलिंगांना त्यावरचा हक्क गेला. अमेरिकन गायकांनी ते उचलले, शब्द बदलले, 1961 साली त्याची नवी आवृत्ती जगभर गाजली. लिंडा 1962 साली गरिबीत वारले. त्यांच्या थडग्यावर कित्येक वर्षे साधा दगड नव्हता. 2004 साली त्यांच्या मुलींच्या वतीने डिस्नेवर दावा लावला गेला आणि 2006 साली तडजोड होऊन वारसांना त्यांचा वाटा मान्य झाला. सिंहाच्या पोराचा वारसा पडद्यावर दीड तासात परत मिळतो. गाणाऱ्या मजुराच्या लेकींना त्यासाठी म्हातारपणापर्यंत थांबावे लागले. जन्माचा हक्क इतका पवित्र मानणाऱ्या चित्रपटाला श्रमाच्या हक्काची आठवण कोर्टाने करून द्यावी लागली!

2024 सालच्या 'मुफासा'चे दिग्दर्शक बॅरी जेन्किन्स. काळ्या माणसांचे जगणे पडद्यावर आणणारा हा मोठा कलावंत. त्यांच्या चित्रपटात मुफासा राजाचा पोर नाही. तो पुरात वाहून आलेले अनाथ पिल्लू आहे; राजघराण्यातला पोर म्हणजे टाका, जो पुढे स्कार होतो. टाकाचा बाप मुफासाला भटक्या म्हणून हिणवतो, मुफासा सिंहिणींत राहून शिकतो आणि शेवटी जनावरे त्याला आपण होऊन राजा मानतात. तीस वर्षांनी का होईना, त्या मुलीसारखा प्रश्न कोणी तरी विचारला असावा. परंतु मग त्याच मुफासाचे पोर डोळे उघडण्याआधी कड्यावरून प्रजेला दाखवले जाते, हे तर आपण आधीच पाहून बसलो आहोत. गुणाने मिळालेली जागा एका पिढीत घराण्याची मालमत्ता होते. हिंदी आवृत्तीत, 2019 साली, मुफासाला शाहरुख खान यांनी आवाज दिला आणि सिम्बाला त्यांचे पुत्र आर्यन यांनी; 2024 साली लहानग्या मुफासाचा आवाज धाकटे पुत्र अब्राम यांचा. यात कोणा व्यक्तीचा दोष नाही. गोष्टच अशी आहे की तिला बाप आणि लेकच शोभून दिसतात. आणि आपणही दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटत नाही. फलकावर नेत्याच्या शेजारी मिसरूड न फुटलेल्या पोराचा फोटो आपल्या सभांतही लागतो, आणि खाली आपणच टाळ्या वाजवतो.

मग मुलांना प्राण्यांच्या गोष्टी सांगायच्याच नाहीत काय? जरूर सांगाव्या. जातककथांत कुक्कुर जातक म्हणून एक कथा आहे. राजाच्या रथाचे चामडी पट्टे राजवाड्यातल्या जातिवंत कुत्र्यांनीच खाल्ले. संशय गेला बाहेरच्या कुत्र्यांवर, आणि दिसेल ते कुत्रे मारा असा हुकूम निघाला. वाड्यातली कुत्री तेवढी वगळली. बोधिसत्त्व त्या वेळी स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा प्रमुख होता. तो एकटा दरबारात गेला आणि राजाला त्याने विचारले, चोर पाहिला कोणी? वाड्यातली कुत्री का वगळली? त्याने ताकात गवत कालवून त्यांना पाजायला लावले, आणि त्यांनी सर्वांसमक्ष चामड्याचे तुकडे ओकले. राजा शरमला, आणि त्याने साऱ्या प्राण्यांना अभय दिले. या कथेतही राजा आहे, वाडा आहे, स्मशान आहे. फरक एवढाच की स्मशानात राहणाऱ्याला वाचा आहे, तर्क आहे, आणि तो गादी मागायला आलेला नाही. पुरावा मागायला आलेला आहे.

आपल्या साहित्याने मोठ्यांसाठी जे लिहिले त्याने मराठी भाषा हादरली. मुलांसाठी आपण फार थोडे लिहिले. ज्याच्यासाठी कोणताही कडा राखून ठेवलेला नाही, ज्याचा बाप त्याला माझ्यासारखा होऊ नको म्हणतो, असे एखादे पिल्लू कसे वाढते, काय खाते, कोणाशी मैत्री करते, पाणवठ्यावर पहिल्यांदा उतरते तेव्हा त्याला काय वाटते, हे आपल्या कवींनी, गायकांनी, चित्रकारांनी मुलांसाठी सांगावे. तोवर शिक्षक बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे: सिम्बाची गोष्ट मुलांना दाखवा, गाणी म्हणू द्या, मुफासा मरतो तिथे रडू द्या. मग दिवा लावून विचारा, तरसांना तिकडे कोणी हाकलले, आणि मुले उत्तर शोधू लागली की त्यांना घाई करू नका.